शार्कभावाच्या गोष्टीचा शेवट

रविवारी चार वाजले की हवाईतल्या कपोहो गावातली निम्मी माणसं हामासाकीच्या दुकानात जमायची. दुकानात रेडिओ होता, आणि गेले सात रविवार त्या रेडिओवर मेलेआना गोष्ट सांगत होती. तांदळाच्या पोत्यांवर, रॉकेलच्या डब्यांवर, जिथे जागा मिळेल तिथे लोक टेकायचे. मेलेआनाची थोरली बहीण हालियाका मात्र मागे दाराशी, मांडीवर अर्धवट विणलेली हॅट घेऊन बसायची. विणकाम आपलं नावाला. ती यायची बहिणीच्या चुका वेचायला.

"काय गळा दिलाय देवाने!" हामासाकीण म्हणायची.

"साबणवाल्यांचा कार्यक्रम आहे तो," हालियाका म्हणायची. "जीभ गुळगुळीत असायचीच."

लोक हसायचे आणि पुन्हा रेडिओकडे तोंड करायचे. तेच तिला सहन व्हायचं नाही.

कारण गोष्ट तिची होती. नोहेआ नावाची बाई, शार्कच्या रूपात जन्मलेला तिचा भाऊ, आणि रोज पहाटे खाडीच्या काठावर त्याला केळी भरवणारी ती बहीण, ही हालियाकाच्या घराण्याची गोष्ट. हालियाका पहिली नात, म्हणून रीतीप्रमाणे जन्मतःच टूटूच्या, म्हणजे आजीच्या, ओटीत घातलेली. टूटूने तिला ती गोष्ट दिवसाउजेडी, समोरून कुणाला जाऊ न देता, शब्दन् शब्द दिली, आणि मरताना वारसा म्हणून तिच्या तोंडात आपला शेवटचा श्वास सोडला. मेलेआना वाढली आईबापांकडे. कधीमधी यायची, दाराबाहेर बसून जेवढं कानावर पडेल तेवढं ऐकायची. शेवट तिने कधीच ऐकला नव्हता. शेवट एकालाच द्यायचा असतो.

आता तुम्ही म्हणाल, मग रेडिओवर हालियाका का नाही? तर हिलोच्या रेडिओ केंद्रावर पहिलं बोलावणं तिलाच आलं होतं. ठेवणीतला झगा घालून गेली. साहेब म्हणाला, पंधरा मिनिटं आहेत, करा सुरुवात. हालियाकाने सुरुवात केली ती मूळ पुरुषापासून. अमक्याचा तमका, तमक्याची अमकी. दहा मिनिटं झाली, साहेबाने घड्याळावर बोट आपटलं. पण वंशावळ मधेच तोडली तर घराण्यातल्या कुणाचं तरी आयुष्य तुटतं, हे काय तिला ठाऊक नव्हतं? ती थांबली नाही. पंधरा मिनिटं संपली तेव्हा नोहेआची पणजीसुद्धा अजून जन्मली नव्हती. सोबत म्हणून गेलेल्या मेलेआनाला साहेबाने सहज विचारलं, "तुम्हाला येते का ही गोष्ट?" आणि ती बया "येते" म्हणाली.

हवाई बेटांवर साप नाहीत. पण आयत्या बिळावरचा नागोबा हालियाकाला त्या दिवशी आपल्याच बहिणीत दिसला. ती जळली, आणि रोज जळत राहिली.

शेवटच्या भागाआधी, गुरुवारी, मेलेआना हिलोहून बसने आली. हातात बेकरीचा केक.

"ताई, रविवारी शेवट सांगायचाय."

"मग सांग की. सगळं बेट तुझं ऐकतंय."

"टोमणे नको ना गं मारूस. नोहेआचा नवरा जळफळून शार्कवर भाला फेकतो, तिथपर्यंत येतं मला. पुढचं टूटूने तुलाच दिलंय."

"आणि ते मी तुला द्यायचं. का?"

"कारण माझ्याकडे नाहीये." मेलेआना खाली चटईवर बसली. "तुला टूटू मिळाली, ताई. मी दाराबाहेर असायचे. आठवतंय ना? पावसातसुद्धा."

हालियाकाला आठवत होतं. क्षणभर तिला वाईटही वाटलं. पण तेवढ्यात मेलेआना म्हणाली, "हिलोत बायका मला रस्त्यात थांबवून विचारतात गं, पुढे काय होतं?" झालं. हालियाकाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

खरा शेवट असा होता, की जखमी शार्क बहिणीचं रडणं ऐकतो, राग गिळतो आणि खाडीतच राहतो. आजही आहे. कपोहोच्या प्रत्येक होडीला सोबत करतो.

"शार्क पाठ फिरवतो," हालियाका शांतपणे म्हणाली. "खोल समुद्रात निघून जातो. पुन्हा कधीच येत नाही."

मेलेआनाने कपाळाला आठी घातली. "पण मग टूटू खाडीत शार्कसाठी पहिला मासा का टाकायची?"

"गेलेल्यांना आपण जेवू घालत नाही का?"

ते उत्तर इतकं बिनतोड होतं की हालियाकालाच नवल वाटलं. मेलेआनाने निरोपाच्या रीतीप्रमाणे तिच्या नाकाला नाक लावलं, डोळे पुसले आणि परतीची बस धरली. त्या रात्री हालियाका छान झोपली. खोटा शेवट सांगून बहीण बेटभर मिरवेल, आणि खरा फक्त आपल्यापाशी राहील, या विचाराने तिला महिन्याभरात पहिल्यांदा भूक लागली आणि तिने सगळा केक एकटीने संपवला.

रविवारी दुकानात मुंगीला शिरायला जागा नव्हती. सगळ्यांत पुढे, रेडिओला कान लावून म्हातारा कुआइवा. साठ वर्षं त्याने त्या खाडीतून होडी घातली होती, आणि गेल्या हिवाळ्यात त्याचा मुलगा पिलिपो समुद्रावर गेला तो परतलाच नव्हता.

मेलेआनाने शेवट सांगितला. काय सांगितला! शार्क पाठ फिरवतो तिथे तिचा आवाज असा खाली गेला की हामासाकीणीने तराजू हातातून ठेवून दिला. मग मेलेआना म्हणाली, "हा शेवट माझा नाही. हा माझ्या ताईचा, कपोहोच्या हालियाकाचा. आमच्या टूटूचा श्वास तिच्यापाशी आहे. मी फक्त तोंड आहे."

सगळं दुकान मागे वळलं. लोक उठून हालियाकापाशी आले, कुणी हात धरला, कुणी खांद्यावर थोपटलं. सात रविवार जे हवं होतं ते सगळं मिळालं, आणि तेही खोट्या शेवटावर.

कुआइवा तेवढा वळला नव्हता.

"मग पिलिपोबरोबर कुणीच नव्हतं," तो रेडिओकडे बघत म्हणाला. "होडीवाले मानतात तसं मीही म्हणत होतो, शार्क होता सोबतीला. त्याच्या आईलाही तसंच सांगितलं मी. पोरगं एकटंच गेलं म्हणजे."

"बाबा..." हामासाकीण म्हणाली.

"नाही, बरं झालं कळलं."

हालियाकाच्या मांडीवरची हॅट खाली पडली. "खोटं आहे ते!" ती ओरडली. "शार्क गेलेला नाही! इथेच आहे तो. टूटूने मला असंच सांगितलंय. मी मेलेआनाला खोटं सांगितलं."

"का गं?" कुणीतरी विचारलं.

"लोक तिला रस्त्यात थांबवतात म्हणून," हालियाका म्हणाली. तोंड लाल झालं होतं, पण ती थांबली नाही. पुढे जाऊन म्हाताऱ्यासमोर गुडघ्यांवर बसली. "कुआइवा बाबा, शार्क होता पिलिपोबरोबर. शपथेवर सांगते."

म्हाताऱ्याने तिच्याकडे पाहिलं. त्याला विश्वास ठेवायचा होता, हे तिला स्वच्छ दिसत होतं.

"बहिणीला सांगितलंस तेव्हासुद्धा तुझं तोंड असंच खरं वाटत होतं का गं?" त्याने विचारलं.

कुआइवाने काठी घेतली, आणि लोकांनी त्याला वाट करून दिली.