भैरवनाथाच्या डोहाकाठची झाडलोट

वेल्ह्याकडच्या एका गावात नदीचा एक डोह भैरवनाथाचा आहे. तिथले मासे कुणी धरत नाही, काठावर कुणी कुऱ्हाड नेत नाही. त्यामुळे मासे इतके निवांत झालेत, की माणूस दिसला तर तेच थांबून बघतात.

या काठावर कुमारला पैसे देणारे पाहुणे मुक्कामाला आणायचे होते. नसरापुरात सहा वर्षं दुसऱ्याचा टेम्पो चालवून तो गावी परतला होता, आणि पुन्हा जायची इच्छा नव्हती. गावानं अट घातली: एक रात्र करून दाखव. चूल नाही, साबण नाही, खुंटी ठोकायची नाही. सकाळी बयाबाई अनवाणी काठावरून चालतील. माणूस राहिल्याचं त्यांच्या पायांना कळलं, की परवानगी बंद, कायमची. बयाबाईंनी साठ वर्षं इथं शेळ्या चारल्या होत्या. त्यांच्या तळपायांशी वाद घालायची गावात पद्धत नव्हती.

पाहुणे पुण्याचे, इंद्रजित आणि प्रगती. तिघांनी घरून आणलेली भाकरी-चटणी खाल्ली आणि चादरी अंथरल्या. चांदणं पाण्यात उतरलं ते तिथंच राहिलं. इंद्रजित शिंकला आणि नदीला ‘सॉरी’ म्हणाला. पलीकडं काहीतरी डुबुक वाजलं.

“केलं माफ,” प्रगती कुजबुजली.

कुमारच्या स्वप्नात एक मासा त्याच्याकडं परवानगीचा कागद मागत होता. कागद भिजला होता. माशाला त्याचं काही वाटलं नाही.

उजाडताच कुमारनं पाहुण्यांना गावात चहाला पाठवलं आणि दबलेलं गवत कंगव्यानं विंचरलं. तरी खात्री वाटेना. झाडायला डहाळी तोडायची नाही, म्हणून त्यानं स्वतःच्या टॉवेलनं सगळा काठ झाडला आणि कचरा पोत्यात भरला.

बयाबाई आल्या. चार पावलं टाकून थांबल्या.

“हितं माणूस राहिलाय.”

“खूण तरी दावा, आजी!”

“अरं, माज्या घरी लग्नाला बी एवढी झाडलोट झाली न्हाई. शेळ्यांच्या लेंड्या कुठं हायेत?”

“पोत्यात.”

“आन् पानं?”

“त्याच पोत्यात.”

“जनावरं झाडून जात्यात व्हय रं?”

कुमारला डोळ्यांपुढं टेम्पोचं स्टिअरिंग दिसलं. “परत टाकतो, आजी.”

“टाक. पण जिथलं तिथं.”

बयाबाई दगडावर बसल्या. “त्ये जांभळीचं पान हाय. जांभळीखाली ने.” पाहुणे चहा पिऊन आले, तर त्यांनाही ओंजळभर काम मिळालं.

“ही कुठली?” इंद्रजितनं एक लेंडी उन्हात धरून विचारलं.

“करडाची. त्या खडकामागं.”

पोतं रिकामं होईतो ऊन डोक्यावर आलं. नदी झोपेत चालल्यासारखी चालली होती. बघता बघता बयाबाई पाल्यावर कलंडल्या आणि घोरू लागल्या. शेळ्या आल्या, त्यांना वळसा घालून गेल्या आणि जाता जाता, कुणी न सांगता, कामाला हातभार लावून गेल्या.

बयाबाई उठल्या तेव्हा पाल्यात त्यांच्या मापाचा खळगा पडला होता. त्यांनी त्याच्याकडं बराच वेळ पाहिलं. कुमारनं पाहिलं. पाहुण्यांनी पाहिलं. मासेही थांबले.

मग त्यांनी पायानं पाला सैल केला, डोळे मिटले आणि त्यावरून सावकाश चालत गेल्या.

“हितं कुणी राहिलं न्हाई,” त्या म्हणाल्या. “आण तुजी माणसं. टॉवेल तेवढा घरी ठेव.”