डाव्या बाजूचं रेकॉर्डिंग

गडमुडशिंगीतनं रोज भल्या सकाळी जी पांढरी व्हॅन निघायची ती केरबाची, पण चालवायची त्याची पोरगी, स्वप्नाली. गुडघे गेल्यापासनं केरबाला क्लच दाबवत नव्हता. आणि स्वप्नालीनं नववीतच शाळा सोडलेली. वर्गात बसली की तिच्या पायाला मुंग्या यायच्या, स्टेअरिंगवर बसली की तीच पोरगी तासन्‌तास जाग्यावरनं हलायची न्हाय. अठरा पुरी झाल्यावर तिनं लायसन काढलं, आणि गावातल्या सहा बायकांना कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत सोडायचं, दुपारी परत आणायचं काम बापाकडनं आपल्याकडं घेतलं. नजर तिखट, आणि डोकं त्याहून तिखट. हॉर्न वाजवायच्या आधी तिच्या तोंडातनं शिवी बाहेर पडायची.

उजळाईवाडीजवळ एका स्कुटरवाल्यानं डाव्या अंगानं घुसून व्हॅनला घासलं, आणि वर तोच बोंबलायला लागला. गर्दी जमली. स्टेअरिंगवर पोरगी बसलीया म्हटल्यावर चूक कुणाची ते गर्दीनं विचारलंबी न्हाय. स्वप्नालीनं म्होरच्या काचेवरच्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग काढून दाखवलं, तर त्यात नुसता म्होरचा मोकळा रस्ता. स्कुटर कुठंच न्हाय. शेवटी माफी तिलाच मागायला लागली. मागताना तिनं दात असं आवळलं की सांजच्याला भाकरी चावताना जबडा दुखत होता.

दुसऱ्याच दिवशी ती उचगावात गाड्यांचं सामान बसवणाऱ्याकडं गेली. तो म्हणत होता की आणखी कॅमेरा लावायचाच तर मागं लाव, सगळी मागंच लावत्यात. ती ऐकतीया कुठली. मागनं येणारा आरशात दिसतोय, बाजूनं येणारा आधी घासतोय आणि मग दिसतोय, असं तिनं त्यालाच समजावलं. दोन्ही बाजूच्या मधल्या काचांना आतनं एकेक कॅमेरा बसला, वायरी टपाच्या कापडाखालनं गेल्या, आणि फोनवर दार, पायरी आणि बाजूचा चार-पाच हात रस्ता लख्ख दिसायला लागला. स्वप्नाली खूश. आता या म्हणावं कुणी येतंय ते.

पण घोळ झाला तो गाडीतल्या बायकांचा.

त्याचं असं होतं की दुपारी कंपनी सुटली की व्हॅन सरळ गावात येत नव्हती. हायवेच्या सर्व्हिस रोडला एका चिंचेखाली भज्यांचा गाडा लागायचा, तिथं थांबायची. बायका डाव्या अंगाला उतरायच्या आणि गाडीला टेकून कांदाभजी खायच्या, तळलेली मिरची खायच्या, चहा प्यायच्या, आणि घरात ज्या आवाजात हसता येत न्हाय त्या आवाजात हसायच्या. त्यांच्यात सगळ्यात वडील तानाबाई, गावात जिच्या म्होरं गडीमाणूसबी जपून बोलायचा, ती भजं तोंडात असताना नवऱ्याची चालायची नक्कल करायची. घरी काय सांगायचं ते ठरल्यालं होतं. कंपनीच्या गेटवर झडती घेत्यात, त्यात लई वेळ जातोय. तानाबाईचा नवरा जोतीराम तर एकदा एवढा भडकलेला, की मीच येऊन त्या गेटवाल्याला बघतो म्हणून कापडं घालून तयार झालता. त्याला थांबवताना तानाबाईच्या नाकी नऊ आलं होतं.

आणि आता त्याच डाव्या अंगाला कॅमेऱ्याचा निळा दिवा लुकलुकायला लागला.

श्रुतीनं तो पहिल्यांदा बघितला. तिचं लग्न होऊन वर्ष झालं नव्हतं. कंपनीत जायला सासूनं, आक्कानं, कसंबसं हो म्हटलेलं, तेबी कामावरनं सुटली की सरळ घर या बोलीवर. ती घास हातात धरून तशीच उभी राहिली. स्वप्नालीनं सांगितलं की हे फक्त माझ्या फोनवर दिसतंय, दुसऱ्या कुणाला न्हाय. तरी बायका त्या दिवसापासनं गाडीच्या मागं जाऊन खायला लागल्या. मागं धूळ, मागं उसाच्या ट्रॉल्यांचा धूर. दोन दिवस काढलं, आणि तिसऱ्या दिवशी तानाबाई म्हणाली की चोरागत खायचं तर मग घरातच खाऊया की. झालं, सगळ्या परत डाव्या अंगाला.

राजवीर आला तो त्याच्या दुसऱ्या दिवशी. गावातलाच पोरगा, ज्याचा शब्द सगळ्या घरांत चालायचा त्या अमरसिंहाचा पुतण्या. व्हॅन उभी, बायकांच्या हातात प्लेटा, गाणी चालू ठेवायची म्हणून स्वप्नालीनं चावी काढलेली नव्हती. राजवीर मोटरसायकलवरनं आला तो मान खाली घालून, मांडीवर फोन. सरळ येऊन तो व्हॅनच्या उघड्या म्होरच्या दाराला धडकला आणि मातीत पडला. बायकांनीच त्याला उठवलं, पाणी पाजलं. कोपर सोलपटलेलं, त्याच्या मोटरसायकलचा आरसा मोडलेला. त्यानं एकदा प्लेटांकडं बघितलं, एकदा बायकांच्या तोंडाकडं, आणि निघून गेला.

दिस कलायच्या आत गावात वेगळीच गोष्ट पसरली. स्वप्नालीनं भरधाव गाडी आणून राजवीरला आडवी मारली. बायका आत होत्या म्हणून वाचल्या, न्हायतर काय झालं असतं. अमरसिंहानं सहाच्या सहा घरांत निरोप दिला, की पोरीच्या हातात आपल्या बायका देऊ नका. दुसऱ्या एकाची गाडी हाय, ती उद्यापासनं लावू. केरबाकडं बी माणूस पाठवला. सांजच्याला डेअरीवर दूध घालायला सगळी येतील तेव्हा तिथंच काय ते मिटवायचं.

स्वप्नाली हसली. तिच्याकडं राजवीरची मान, फोन, दार, सगळं डाव्या बाजूच्या कॅमेऱ्यात होतं. तिनं फोन काढून बघितलं आणि मग तिचं हसू मावळलं. राजवीर यायच्या आधी, पडताना आणि पडल्यावरबी, चौकटभर बायका, त्यांच्या प्लेटा आणि भज्यांची कढई. राजवीरनं प्लेटांकडं का बघितलं ते तिला आत्ता उमगलं. ह्या बायका बोलणार न्हाईत हे त्यानं तिथंच वळखलेलं.

ती श्रुतीच्या घराच्या मागल्या दारी गेली. श्रुतीनं आधी आत बघितलं, मग तिचा हात धरला.

"स्वप्ने, तेवढं दाखवू नगंस. माझी कंपनी सुटंल."

"आन् माझी गाडी सुटली तर?"

श्रुतीनं हात आणखी घट्ट धरला. स्वप्नाली हात सोडवून आली खरी, पण घरी जाऊन तिनं रेकॉर्डिंग दहादा म्होरं-मागं केलं. बायका कापून राजवीर तेवढा ठेवता येतोय का बघितलं. येत नव्हतं. तो पडलाच होता बायकांच्या पायापाशी.

डेअरीपुढं किटल्या घेऊन माणसं थांबली होती. जोतीराम होता, आक्का होती. राजवीर कोपराला पट्टी बांधून चुलत्याच्या मागं उभा. अमरसिंहानं सगळं परत एकदा सांगितलं, आवाज न चढवता, केरबाबद्दल वाईट वाटतंय अशा सुरात. आणि मग स्वप्नालीकडं वळला.

"चारी बाजूनं क्यामेरं लावलैत म्हणं. दाखव की मग."

सगळ्यांना वाटलं आता ही पोरगी फुटणार. केरबानं तर तिचा दंड धरून ठेवलेला. स्वप्नालीनं आक्काकडं बघितलं. फोन मुठीत घट्ट धरला. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या.

"डाव्या बाजूचा बंद हुता," ती म्हणाली.

राजवीरनं श्वास सोडला तो शेजारच्यालाबी ऐकू गेला. अमरसिंह केरबाला म्हणाला की बघ बाबा, आता तूच काय ते ठरव. केरबा खाली मान घालून गुडघा चोळायला लागला.

तेवढ्यात मागनं किटली फरशीवर आपटल्याचा आवाज आला. तानाबाई दूध घालून बाहेर आली होती.

"बंद नव्हता," ती म्हणाली. "दाखव."

"मावशी, ऱ्हाऊ दे."

"दाखव म्हणतोय न्हवं. आमच्या पोटासाठी तुझी गाडी घालवतीस व्हय?"

स्वप्नालीनं फोन दिला. तो हातातनं हातात फिरला. राजवीर कसा आला, कुठं बघत होता, दार किती वेळ उघडं होतं, सगळं सगळ्यांनी बघितलं. अमरसिंहानं दोनदा बघितलं, फोन जोतीरामकडं दिला, आणि पुतण्याला एवढंच म्हणाला की घरला चल. त्या घरात म्होरं काय झालं ते कुणाला कळलं न्हाय, पण राजवीर आठवडाभर डेअरीकडं फिरकला न्हाय.

जोतीरामच्या हातात फोन मात्र तसाच राहिला. तो राजवीरला बघतच नव्हता.

"ही तू हाईस?"

"मीच की."

"आन् ती गेटवरची झडती?"

"झडती नसती. भजी असत्यात."

मागनं कुणीतरी खुसकन हसलं. जोतीरामनं परत फोनात बघितलं. तिथं त्याची बायको खांदे पाडून, पोट म्होरं काढून चार पावलं चालत होती आणि बाकीच्या पोट धरून हसत होत्या. हे कोण म्हणून त्यानं विचारलं न्हाय. फोन स्वप्नालीच्या हातात दिला, किटली उचलली आणि घरच्या वाटंला लागला, पण चालताना त्यानं खांदे जरा वर घेतलेले. आक्काबी गेली. स्वप्नालीला तिचीच जास्त भीती वाटली.

सकाळी व्हॅन श्रुतीच्या कोपऱ्यावर आली तर कोपरा मोकळा. एरवी स्वप्नाली कुणासाठी थांबायची न्हाय, आज तिनं इंजिन बंद केलं. तानाबाई उतरून आत गेली. आतनं दोन बायकांचे आवाज आले, आधी एकीचा, मग दुसरीचा, मग दोन्ही एकदम. बऱ्याच वेळानं आक्का बाहेर आली, तिच्या मागं डबा घेऊन श्रुती, डोळे सुजलेले. आक्का सरळ व्हॅनपाशी आली आणि मधल्या काचेवर बोट ठेवलं.

"ह्योच व्हय त्यो?"

"ह्योच."

"मग रोज सांजला ह्यातलं मला दाखवायचं. कवा उतरली, किती वेळ उभी ऱ्हायली, कुणासंगं बोलली."

श्रुतीनं डबा ह्या हातातनं त्या हातात घेतला. स्वप्नालीचं डोकं सणकलं, पण ओरडावं असं काही तिच्या तोंडात येईना.

"आक्का, ह्यो मी गाडीला कोण घासतंय ते बघाय लावलाय. तुमच्या सुनंला बघायचं आसल तर तुम्हीच बसा की गाडीत. एक शीट करतो मोकळी."

"लई बोलाय शिकलीस," आक्का म्हणाली. तिनं काचेवरचं बोट काढलं, पदरानं काचंवरचा डाग पुसला आणि सुनंकडं न बघता आत गेली. दार मात्र तिनं लावलं न्हाय.

श्रुती चढली. तानाबाईनं व्हॅनचं दार ओढलं आणि गेटवरचं पंचिंग चुकंल, हाण आता, म्हणाली. गोकुळ शिरगाव मागं पडलं. मग श्रुतीनं मागनं हात लांब केला.

"स्वप्ने, बघू की ते. मी खाताना कसा दिसतोय?"

स्वप्नालीनं फोन मागं दिला. कागल येईपर्यंत सहाजणी तो एकमेकींच्या हातातनं ओढून घेत होत्या, हिचे गाल बघ, तिचा घास बघ. राजवीर पडत होता तिकडं एकीचंबी लक्ष नव्हतं.