लेलंडचं वेगळं मीठ

लेलंड तुरुंगातून सुटून माझ्याकडे राहायला आला, त्याच दिवशी मी फ्रिजमध्ये निळी पट्टी चिकटवली. "पट्टीखालचं तुझं. वरचं ओडेटचं नि माझं. चुकूनही हात लावायचा नाही."

"वेरा, अगं भाऊ आहे मी तुझा, उंदीर नव्हे."

तो हसला. मी नाही. कॉलेज शिकलेय, नियम मला वाचता येतात. नशेच्या गोळ्या विकल्याची शिक्षा झालेल्याला आमच्या साउथ कॅरोलायनात सरकारी अन्नमदत मिळत नाही, जन्मभर. तो आमच्यात जेवला, तर कोंबड्यांच्या कारखान्यातला त्याचा पगार आमच्या उत्पन्नात धरणार, पण खाणारं तोंड म्हणून त्याला मोजणार नाहीत. म्हणजे माझ्या तीन वर्षांच्या लेकीचं, ओडेटचं, अन्नमदतीचं कार्ड बंद. म्हणून अर्जात लिहिलं, भाऊ स्वतःचं आणतो, स्वतःचं शिजवतो. लिहिलं ते पाळलंही. त्याचा तवा वेगळा, मीठसुद्धा वेगळं. एका टेबलाशी कुणाला दिसायला नको, म्हणून तो बाहेर पायरीवर जेवायचा.

समोरच्या ट्रेलरघरातल्या मिस अर्लीन रोज जेवणाच्या वेळी खिडकीत. रविवारी चर्चमध्ये त्यांनी ओडेटला गाठलं, "मामा काय खातो गं तुझा?" ही बाई आमची चुगली करणार.

मंगळवारी पांढरी गाडी आलीच. अन्नमदत कचेरीतले मिस्टर प्रायर. त्यांनी फ्रिज उघडला, तवे पाहिले, मिठाचे दोन्ही डबे हलवून पाहिले.

"मिठं दोन? घटस्फोट चाललेल्या घरातही मीठ एकच असतं, मॅम."

"नियमच आहे ना, सर?"

"मिठाचा नाही हो."

मग ते पायरीवरच्या लेलंडपाशी गेले. "काय जेवतोयस?"

"बीन्स."

"गारच?"

"ओडेटचं झाल्याशिवाय शेगडी मिळत नाही, सर."

प्रायरांनी खिशातून कागद काढला. "तक्रार आलीय. वाचतो. 'धडधाकट पोराला कुत्र्यासारखं दाराबाहेर जेवायला बसवतात.' हे काही आमच्या खात्याचं काम नाही. पण तुमची चूल वेगळी आहे, दिसतंय. कार्ड चालू राहील."

"कुणी केली तक्रार?"

"ते सांगता येत नाही."

"मी केली!" मिस अर्लीन त्यांच्या दारातून कडाडल्या. "सख्ख्या भावाला असं वागवतात होय गं? लेलंड, ऊठ बघू. मक्याचा पाव गरम आहे, मी टेबल मांडलंय."

लेलंड माझ्याकडे न बघता रस्ता ओलांडून गेला.

"मला पण मामाबरोबर," ओडेट माझा हात ओढू लागली.

प्रायर गाडीत बसून काहीतरी लिहीत होते. आमच्याबद्दलच असणार. गाडी वळणापार जाईपर्यंत मी तिचा हात सोडला नाही. नंतरही नाही. गेलेली गाडी परतही येऊ शकते.