दोन हजार वर्षांचं घराणं

निरोशा आमच्या गावी, पवनीला, येणार हे कळल्यावर आईने आठवडाभर घर डोक्यावर घेतलं. मी निरोशाला एक थाप मारली होती, आणि ती थाप आता आमच्या दारात येणार होती.

निरोशा श्रीलंकेची. इंग्लंडमध्ये, लीड्सला, आम्ही एकाच वर्गात होतो. तिथल्या होस्टेलात भारतीय मुली पुष्कळ होत्या, पण पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझं आडनाव दोनदा विचारून घेतलं आणि जेवायला बोलावणं बंद झालं. मी खोलीत एकटीच मॅगी खायची. एका रविवारी निरोशाने मला ओढतच सिंहली लोकांच्या विहारात नेलं. तिथल्या बायकांनी आग्रह करकरून भात वाढला, मला 'आमची मनाली' म्हणाल्या. लीड्समध्ये मी पोटभर जेवले ती त्याच दिवशी.

मग एका मावशीने सहज विचारलं, तुमचं घर बौद्ध कधीपासून? आजोबांनी छप्पन साली नागपूरला दीक्षा घेतली, एवढंच सांगायचं होतं. पण 'त्याआधी तुम्ही कोण होता' हा पुढचा प्रश्न मला आधीच ऐकू आला. मी म्हणाले, "आमच्या पवनीत दोन हजार वर्षांपूर्वीचा स्तूप आहे. आमचं घराणं तेव्हापासूनचं."

बायकांनी हात जोडले. निरोशाचे डोळे भरून आले. खरं सांगायला पुढे दोन वर्षं पडली होती, पण मी दर रविवारी जाऊन भात खात राहिले.

आता ती आमच्या ओसरीत बसली होती. सकाळीच टेकडीवरचे अवशेष पाहून, त्या विटांना माथा टेकवून आली होती. माझे बाबा, धनराज मास्तर, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले. इंग्रजी बोलतात बेताचं, पण कळतं सगळं. निरोशाने त्यांच्या पाया पडून विचारलं, "तुमच्या घराण्याने दोन हजार वर्षं धम्म कसा जपला?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी पोह्यातले शेंगदाणे निवडायला लागले. खरं तर बाबांना आजोबांच्या दीक्षेबद्दल बोलायची एवढी हौस, की गॅसचं सिलिंडर आणणाऱ्यालाही बसवून घेतील. ते हळूच म्हणाले, "येस. व्हेरी ओल्ड फॅमिली." आणि उठून मागच्या अंगणात गेले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

संध्याकाळी विहारात वंदना होती. आमच्याकडे बाबा पुढे म्हणतात, बाकीचे त्यांच्या मागून. त्रिशरण झालं, पहिली तीन शीलं झाली. चौथं खोटं न बोलण्याचं. तिथं बाबा थांबले.

"मास्तर, चौथं राह्यलं ना," मागून म्हाताऱ्या रंभाबाई म्हणाल्या.

"तुमी म्हणा, रंभाबाई. मले आज नाई म्हणता येत."

रंभाबाईंनी म्हटलं. निरोशाला तेच पाली शब्द लहानपणापासून पाठ, ती खणखणीत म्हणत होती. मी पाचव्या शीलालाच तोंड उघडलं.

वंदना संपल्यावर निरोशाला पायरीवर बसवून मी सगळं सांगितलं. होस्टेल, आडनाव, छप्पन साल, बाबा का थांबले तेही. वाटलं, चिडेल, नाहीतर गळ्यात पडेल.

तिने फक्त विचारलं, "बाबांची माफी मागितलीस?"

"नाही."

"मग आधी माझ्याकडे का आलीस?"

आत बाबा एकटेच सतरंजीची घडी करत होते. मी दुसरं टोक धरलं.

"बाबा, माहं चुकलं. पण तुमी कायले हो म्हटलं?"

"तुह्या तोंडाकडं पाह्यलं, अन् निंगून गेलं." बाबांनी टोकाला टोक जुळवलं. "तुहा आजा तीन दिवस पायी गेला होता नागपूरले. वापस आला तं पायाले फोड होते. साऱ्या गावाले सांगतलं त्यानं, का आता मी कोणाच्यापुढं मान खाली घालनार नाई."

मी सतरंजीवरची सुरकुती काढली.

"आज मी घातली, बाई. त्या पाहुणीपुढं नाई. तुह्यापुढं."

माझ्या हातातलं टोक त्यांनी काढून घेतलं आणि उरलेली घडी एकट्यानेच केली.