देवीच्या पाठीमागे

वेल्हे, १९४६. मेंगाईचं देऊळ. मागच्या कोपऱ्याशी भीमा थांबला आहे. पाय उचललेला. खाली येत नाही.

"अवो, चला की," मागून सोजराबाई. नवरा लढाईतून जिता आला तर जोडीनं प्रदक्षिणा घालीन, हा तिचा नवस. अर्धी झाली होती.

तिथं. दोन वर्षांपूर्वी, इटली. उंच, टोकदार कमानींचं जुनं चर्च. साहेब म्हणाला होता, जर्मन पळाले, आतली चित्रं चारशे वर्षांची आहेत, बघून या. भीमा आणि त्याच्याच पलटणीतला कोंडिबा गेले. दारात बूट काढले, देऊळच ते. भिंतभर माणसं. निळ्या वस्त्रातली आई, मांडीवर पोर. तोफांच्या हादऱ्यानं चुना गळून फरशी पांढरी झालेली.

"आई हाय, तर फेरी घालतो," भीमा म्हणाला.

"खुळ्या, त्यांच्यात घालत न्हाईत."

"आपल्यात घालत्यात."

वेदीच्या मागं अंधार. अनवाणी पायाला काहीतरी लागलं, केसासारखं.

तार.

"कोंडिबा. सुरुंग हाय."

मग दारातून कोंडिबाचा आवाज, अगदी हळू. "चुन्यात तुझी पावलं हायत. त्यांच्यावरच पाय देत मागं ये. आन् वर बघू नगंस. लई बघितलीस चित्रं."

मागं. एक पाऊल. निळी आई डोळ्याच्या कडेला. आणखी एक.

फेरी अर्धीच राहिली.

इथं. झाडलेला, काळा दगड.

"दारू प्यालाय का गं ह्यो?" ओट्यावरून शेजारीण सगुणाबाई. "माघारी फिरला तर नवस फुकट जायचा."

"मागं तार असती," भीमा म्हणाला.

"देवीच्या मागं?" सोजराबाईनं विचारलं.

"तितं चुन्यात माजी पावलं तरी होती. हितं पुढं कुणाचं पाऊलच न्हाई."

तिच्या हातात देवीसाठी आणलेलं तांब्याभर पाणी होतं. ते तिनं स्वतःच्या पायांवर ओतलं. सगुणाबाई काहीतरी बोलली. सोजराबाई नवऱ्याला ओलांडून पुढं झाली.

"आता माज्या पावलावर पाऊल द्या."

"हळू चाल."

"हळू चालले तर वाळत्यात. बिगी या."

दगड तापलेला. ओली पावलं उमटत होती, कडांनी आकसत होती. भीमानं पाय टेकवला. काही झालं नाही. दुसरा टेकवला. तिसरं पाऊल वाळून गेलं होतं, अंगठा तेवढा ओला उरला होता.

त्यानं त्यावर अंगठा ठेवला.