डावीकडचा आवाज

मी एक जुना स्प्लिटर आहे. वीतभर काळी वायर, एका टोकाला पिन आणि दुसऱ्या टोकाला दोन भोके, एवढाच माझा पसारा. संगणकातला एकच आवाज दोन हेडफोनांत वाटून द्यायचा, हे माझे काम. मित्रांनो, सहा वर्षांत मी कधी डावे-उजवे केले नाही.

या घरात आई आणि लेक राहतात. लोकांची भाषणे ऐकून टाइप करून देणे हा आईचा व्यवसाय. आई टाइप करते, लेक शेजारी बसून तेच ऐकते आणि चुका पकडते. "हा आपल्या घरातलं तिसरं माणूस," असे आई म्हणायची, तेव्हा माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचे.

एके सकाळी आई एकटीच कामाला बसली आणि थबकली. डावीकडून काहीच येईना. तिने मला हलवले, फुंकर मारली. मग हेडफोन उलटा घातला, डावी बाजू उजव्या कानावर. डावी बाजू खणखणीत बोलत होती. बिघडला होता तो आईचा डावा कान.

लेक आल्यावर ती म्हणाली, "स्प्लिटर गेलाय गं. माझ्या भोकात डावीकडचा आवाजच नाही."

चोर सोडून संन्याशाला फाशी! पण मला राग आला नाही, भीती वाटली. लेक महिनाभरात शिकायला परगावी जाणार होती. कळले तर पोरगी जायची नाही, म्हणून आई गप्प होती.

नवव्या दिवशी कानाच्या डॉक्टरांचे भाषण टाइप करायला आले. "कान अचानक बंद पडला तर लगेच दाखवा. दोन आठवडे उलटले की फार अवघड होतं." हे वाक्य माझ्यातूनच दोघींकडे गेले. आईने ते एकाही चुकीशिवाय टाइप केले. मला ओरडावेसे वाटले. पण मला स्वतःचा आवाज कुठे आहे?

अकराव्या दिवशी लेकीने नवा स्प्लिटर आणला आणि मला खणात टाकले. मी हताश होऊन ऐकत होतो.

"आता येतंय डावीकडून?"

"हो, छान येतंय."

लेकीने स्वतःचा हेडफोन कानांना लावला. "आई, माझ्या डावीकडून काहीच येत नाहीये. तुझा दे बघू." तिने आईचा हेडफोन लावून पाहिला. तोही डावीकडे मुका. नवा स्प्लिटरच सदोष निघाला होता.

खण उघडला. तिने मला पुन्हा जोडले, आईचाच हेडफोन कानांना लावला. मी दोन्हीकडे जीव तोडून बोललो.

"किती दिवस झाले?"

"अकरा," आई म्हणाली.

मित्रांनो, एखादी वस्तू बिघडली असे तुमचे माणूस म्हणाले, तर ती फेकण्याआधी एकदा स्वतःच्या कानाला लावून बघा. अकरा दिवसांत एकदा तरी कुणी बघायला हवे होते.

दोघी घाईघाईने चपला घालून दवाखान्यात गेल्या आहेत. भाषण बंद करायचे राहूनच गेले. दोन्ही हेडफोन टेबलावर पडले आहेत, आणि मी दोघांनाही सारखेच देतो आहे.