शतशः वदन

आमच्या वर्गाचा निरोप समारंभ कसा होणार हे सगळ्या शाळेला आधीच माहीत होतं. गंभीर भाषणं करून डोळ्यांना रुमाल लावणं आम्हाला जन्मात जमलं नसतं. मुख्याध्यापकांनी फक्त एवढंच बजावलं, "नकला करा, पण कुणाच्या पोटावर, टकलावर आणि पगारावर जायचं नाही." झालं! आमचं निम्मं साहित्य तिथंच बाद झालं.

माझ्या वाट्याला दोन कामं आली. एक टिंबबाईंची नक्कल, आणि दुसरं व्यासपीठामागचा फलक. नक्कल मी भांडून मिळवली होती. फलक मात्र गळ्यात पडला, कारण मी पेंटरची पोरगी.

टिंबबाई म्हणजे आमच्या मराठीच्या बाई. अनुस्वाराचं एक टिंब राहिलं की अर्धा गुण गेलाच. आमच्या वर्गातल्या रेडिओने (हा एकदा सुरू झाला की बंदच होत नाही, म्हणून रेडिओ) निबंधात लिहिलं होतं, 'सुट्टीत आम्ही रोज दोन आबा कापून खातो.' बाईंनी खाली लाल शाईत लिहिलं, 'पोलिसांना कळवलेस का?' आणि अर्धा गुण कापला. चेहऱ्यावरची सुरकुतीही न हलवता अशी खोडी काढायच्या. मला त्या भयंकर आवडायच्या. माझे सगळ्यात जास्त अर्धे गुण त्यांनीच खाल्ले, तरीसुद्धा.

आता बाबांचं सांगते. त्यांचं पाट्या रंगवायचं दुकान आहे. परीक्षेनंतर मी दुकानात उतरणार हे ठरलेलं होतं, वाद होता तो एवढाच की अक्षरं कोण काढणार. इतकी वर्षं माझ्याकडे काय, तर फळी घास, रंगाआधीचा प्रायमरचा हात मार, ब्रश धू. अक्षराजवळ ब्रश नेला की बाबा खाकरायचे. मी रोज कटकट करायचे. शेवटी तेच वैतागले आणि म्हणाले, "शाळेचा फलक तू एकटीनं कर. मी टांगायला येईन तेवढा. चोख निघाला तर बेकरीवाल्याची नवी पाटी तुझी. चुकलीस तर वर्षभर प्रायमर."

"वर्षभर?"

"वर्षभर. चुकलेली पाटी भिंतीवर राहते गं. लोक रोज वाचतात आणि रोज हसतात."

मी म्हटलं, बघाच आता. मजकूर सोपाच होता, 'गुरुजनांना शतशः वंदन'. पण एकेक अक्षर माझ्या कमरेएवढं. शाळेच्या चित्रकलेच्या खोलीत जमिनीवर कापड पसरून मी संध्याकाळच्या संध्याकाळ घालवल्या. 'श'ची गाठ अशी उतरली म्हणता की मी स्वतःच उठून लांबून बघून आले. समारंभाच्या दिवशी सकाळी बाबा शिडी घेऊन आले, फलक टांगला, दोन पावलं मागे सरून पाहिला आणि "हं" म्हणाले. बाबांचं "हं" म्हणजे इतरांच्या टाळ्या. बेकरीवाल्याची पाटी माझ्या खिशात पडली असं समजून मी दिवसभर हवेत होते.

कार्यक्रम धमाल रंगला. सूत्रसंचालन अर्थातच रेडिओकडे. गणिताच्या सरांना आम्ही 'उरलेलं घरी' ही पदवी बहाल केली, कारण तास संपला की ते हेच म्हणायचे. सर आभार मानायला उठले, भाषण करता करता हसू आवरेना, शेवटी हात जोडून "उरलेलं घरी!" म्हणाले आणि बसले. लोकांनी बाकं बडवली.

मग मी आले. गळ्यापर्यंत बटणं लावलेला करडा स्वेटर, नाकाच्या शेंड्यावर रेडिओच्या आजीचा चष्मा, हातात लाल पेन. समोर रेडिओ, निरोपाचा निबंध वाचणारा विद्यार्थी. त्यानं तोंड उघडलं की मी पेन उगारायचे, "टिंब कुठाय? अर्धा गुण गेला." शेवटी तो म्हणाला, "बाई, मी तर बोलतोय!" मी म्हटलं, "मला ऐकू येतं." पालक, शिक्षक, सगळे पोट धरून हसत होते. आणि नेमक्या तेव्हाच पहिल्या रांगेतून खऱ्या बाई उभ्या राहिल्या.

"अगं ए टिंबबाई," त्या म्हणाल्या.

सभागृह चिडीचूप. म्हणजे बाईंना हे नाव माहीत होतं तर!

"जरा मागं वळून बघ. आता अर्धा गुण कुणाचा कापायचा ते तूच सांग."

मी वळले. 'गुरुजनांना'वर टिंब होतं, गोल गरगरीत. 'शतशः' ठीक. आणि पुढे तो माझा देखणा, टपोरा 'व', त्याच्या डोक्यावर काही म्हणजे काही नाही.

"गुरुजनांना शतशः वदन," बाईंनी मोठ्यानं वाचलं. "वदन म्हणजे तोंड. गुरुजनांना शंभर तोंडं! चूक आहे, पण खोटं नाही हो. इतकी वर्षं आम्ही तेच तर सोसलं."

छप्पर उडालं म्हणा ना. मुख्याध्यापक खुर्चीतून घसरायचे राहिले. माझ्या मात्र तोंडचं पाणी पळालं. टिंबं शेवटी द्यायची म्हणून मी ठेवली होती, पहिलं दिलं आणि तेवढ्यात हा मेला रेडिओ तालमीला चल म्हणून ओरडत आला. त्यानंतर निम्म्या शाळेनं फलक पाहिला. जो तो 'वंदन'च वाचून गेला, मीसुद्धा.

मी पालकांच्या शेवटच्या रांगेकडे पाहिलं, बाबा तिथंच बसले होते. सगळे हसत होते, बाबा सोडून. ते उठले आणि बाजूच्या दारानं सरळ बाहेर गेले. संपलं. बेकरीवाल्याची पाटी गेली, वर्षभर प्रायमर. पण मला माझाच असा काही राग आला, की म्हटलं रडायचं नंतर, आधी हे निस्तर. मी चष्मा सावरला आणि बाईंच्याच आवाजात म्हणाले, "विद्यार्थिनीनं चूक सर्वांसमक्ष दुरुस्त करावी. पन्नास वेळा लिहायची गरज नाही. एकदाच लिहावी, पण गोल! रेडिओ, पडद्यामागून रंगाचा डबा आण, आणि शिडी बघ कुठाय."

रेडिओनं डबा आणला. शिडी त्याला सापडेना. आणि बघते तर बाबा बाजूच्या दारानं आत येत होते, खांद्यावर सकाळी बाहेर ठेवलेली आमची शिडी. कुणाकडेही न बघता ते व्यासपीठावर आले, शिडी फलकाला टेकवली, खालच्या पायरीवर पाय रोवला आणि दोन्ही हातांनी धरून उभे राहिले.

मी चढले. आजीच्या चष्म्यातून मला दोन 'व' दिसायला लागले, तो काढून खिशात टाकला. खालून बाई म्हणाल्या, "डावीकडे नको. दांडीच्या बरोबर डोक्यावर." बाबा म्हणाले, "रंग कमी घे, ओघळेल." मी ब्रश टेकवला, एकदा फिरवला आणि उचलला.

शिट्ट्या काय, टाळ्या काय! बाई म्हणाल्या, "अर्धा गुण परत." आमच्या शाळेत कापलेला अर्धा गुण आजवर कुणाला परत मिळाला नव्हता. गणिताचे सर उठून उभे राहिले.

घरी निघालो तेव्हा शिडीचं पुढचं टोक बाबांच्या खांद्यावर आणि मागचं माझ्या. माझ्याच्यानं राहवेना.

"बाबा, चुकले मी. ठरलं होतं ते ठरलं. वर्षभर प्रायमर."

"सकाळी टांगताना तो 'व' माझ्या नाकासमोर होता," बाबा पुढे बघतच म्हणाले. "तुला सांगायला लाज वाटते, पण मलाही नाही दिसलं."

"तरी चूक माझीच."

"तुझीच! पण मी असतो ना, तर लोक जाईपर्यंत कोपऱ्यात तोंड लपवून बसलो असतो आणि मग गुपचूप टिंब दिलं असतं. एवढ्या लोकांत शिडी चढायची माझी छाती झाली नसती. हातसुद्धा कापला नाही तुझा."

"कापत होता की! आतून."

"आतून कापू दे. पाटीवर दिसत नाही ते."

कोपरा वळताना शिडी जरा तिरकी करून ते म्हणाले, "उद्या लवकर ऊठ. बेकरीवाल्याची फळी येतेय, अक्षरांची मापं काढून ठेव. प्रायमर मी मारतो."

मी जागच्या जागी थांबले. शिडीचा हिसका बसून बाबा दोन पावलं मागे आले. "अगं, चाल की!" ते ओरडले. कसली चालतेय! निरोपाला ज्या एका पोरीच्या डोळ्यांत टिपूस आलं नव्हतं, तिनं भर रस्त्यात भोकाड पसरलं.

"रड, रड," बाबा म्हणाले, "पण शिडी सोडू नकोस."